पिचर ते कोच ते मॅनेजर : रॉजर क्रेगची वाट

कॅलिफोर्नियात मी मुलांच्या बेसबॉल संघाला पिचिंग, म्हणजे बॅटरकडे चेंडू टाकणं, शिकवतो. खेळून झाल्यावर कोचिंगकडे वळू पाहणारे आपले तरुण भेटले, की त्यांना मी अमेरिकेतला पिचर रॉजर क्रेग याची कारकीर्द बारकाईने बघायला सांगतो.

1962 मध्ये न्यूयॉर्क मेट्स या नव्याकोऱ्या संघाकडून खेळताना क्रेगच्या नावावर 24 पराभव लागले (बेसबॉलमध्ये हरलेला सामना एका पिचरच्या नावावर मांडतात). पुढच्या वर्षी 22, त्यातले 18 तर लागोपाठ. तरी संघ त्याच्याच हाती चेंडू देत राहिला, आणि तोही घेत राहिला. हरणाऱ्या पिचरशी कसं बोलायचं, हे त्याला कोणी वेगळं शिकवायची गरज नव्हती.

1966 मध्ये खेळणं थांबलं. मग स्काउट (नवे खेळाडू हेरणारा), खालच्या लीगमधला मॅनेजर (संघाचा मुख्य प्रशिक्षक), पिचिंग कोच असं करत 1978 मध्ये तो सॅन दिएगो पॅड्रेसचा मॅनेजर झाला. दोन हंगामांत ते पद गेलं. त्याने कमीपणा न मानता डेट्रॉइटमध्ये पुन्हा पिचिंग कोचचं काम धरलं आणि 1984 मध्ये तो संघ वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम लढत, जिंकला. माझ्या मते त्याचं सर्वांत कसदार काम याच काळातलं.

स्प्लिट-फिंगर फास्टबॉल, थोडक्यात स्प्लिटर, ही त्याची खासियत. तर्जनी आणि मधलं बोट फाकवून त्यांच्यामध्ये चेंडू धरायचा, हात मात्र फास्टबॉलच्याच (साध्या वेगवान चेंडूच्या) झपाट्याने फिरवायचा. चेंडूला उलटी फिरकी कमी मिळते आणि बॅटरजवळ येताच तो झपकन खाली उतरतो. ह्यूस्टनचा पिचर माइक स्कॉट क्रेगकडे हे शिकायला गेला. 1986 मध्ये स्कॉटने 306 स्ट्राइकआउट घेतले (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद), सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला आणि सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्को जायंट्सविरुद्ध नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या सामन्यात एकही हिट दिली नाही. तेव्हा जायंट्सचा मॅनेजर होता खुद्द क्रेग! 1989 मध्ये त्याने जायंट्सनाही वर्ल्ड सिरीजपर्यंत नेलं.

हे वाचून लगेच दहा वर्षांच्या पोराला स्प्लिटर शिकवायला घेऊ नका. त्याची बोटं तेवढी फाकत नाहीत, मग तो चेंडू आवळून धरतो आणि कोपरावर ताण येतो. आधी फास्टबॉल, मग चेंज-अप (फास्टबॉलसारखाच हात फिरवून टाकलेला संथ चेंडू). टाकलेला प्रत्येक चेंडू मोजा. लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेत 9-10 वर्षांच्या मुलाला दिवसाला 75 चेंडूंची मर्यादा आहे आणि 66 किंवा त्याहून जास्त टाकले की 4 दिवस विश्रांती सक्तीची. मुलगा 'अजून टाकतो' म्हणेल, आईवडीलही म्हणतील. तरी त्याला थांबवा.

सुरुवात करायची तर जवळच्या लीगमध्ये स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवा. पार्श्वभूमीची तपासणी दरवर्षी होते, तेव्हा हंगामाआधीच अर्ज द्या.