वहिनी मला ‘दीदी’ म्हणत नाही

इंदूरला रामबागेत राहून बारा वर्षं मी दिवाळीचा फराळ करून देतेय. ऑर्डरी सगळ्या व्हॉट्सॲपवर. मागच्या वर्षी वसुबारसेच्या आदल्या दिवशी, चकलीचा घाणा कढईत असताना वहिनीच्या नंबरवरून मेसेज आला: ‘दीदी, गलती से आपके नंबर पर ६ अंक का कोड चला गया, भेज दो ना.’ हात पिठाचे. करंगळीनं कोड टाइप केला नि पाठवून दिला. वहिनी मला लग्नापासून ‘वन्सं’ म्हणते आणि माझ्याशी हिंदीत कधीच बोलत नाही, हे आठवलं तोवर माझं व्हॉट्सॲप बंद पडलेलं! तो कोड माझ्याच खात्याचा होता, आणि तो वापरून चोरानं माझं खातं स्वतःच्या फोनवर उघडलं होतं.

तुमचं असं झालं तर आधी गॅस बंद करा. मग व्हॉट्सॲपमध्ये आपलाच नंबर परत टाका. एसएमएसनं नवा ६ आकडी कोड येतो, तो भरला की चोर तिथल्या तिथे बाहेर. ‘थोड्या वेळानं प्रयत्न करा’ असं आलं तर खरंच थांबा, उगाच बटण बडवत बसू नका.

माझा घोळ पुढेच होता. कोड भरल्यावर ॲपनं पिन मागितला, म्हणजे खात्याला आपणच लावायचा गुप्त आकडा. मी तर कधी ठेवलाच नव्हता, म्हणजे तो चोरानं लावलेला. अशा वेळी ७ दिवस वाट बघावी लागते. जेल रोडवरचा एक मोबाइलवाला ‘पाँच सौ में खोल दूँगा’ म्हणाला. असल्यांना एक पैसा देऊ नका, ही किल्ली त्याच्याकडे नसतेच. पण एक गोष्ट कळली नि जीव भांड्यात पडला. पिन माहीत नसला, तरी एसएमएसचा कोड भरताक्षणीच चोर बाहेर पडलेला असतो. सात दिवस आपण नाही, तसा तोही नाही. आपल्या जुन्या गप्पाही त्याला वाचता येत नाहीत, त्या आपल्याच फोनमध्ये असतात. ग्रुप मात्र त्याला दिसतात, आणि झोळी तो तिथेच पसरतो.

म्हणून साधे फोन लावायचे, एकेकाला. पहिला वहिनीला केला, कारण तिचंही खातं गेलेलं आणि तिला पत्ताच नाही. मग ऑर्डरींची वही घेऊन बसले. सुदामानगरच्या काकूंनी तोवर ‘माझ्या’ अडचणीसाठी ५,००० रुपये पाठवलेसुद्धा होते. त्यांना लगेच १९३० लावायला सांगितलं. पैशांच्या सायबर फसवणुकीसाठी देशभर हाच नंबर आहे. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळवलं, तर ते अडवता येतात. मेसेज पुसण्याआधी स्क्रीनशॉट काढा, सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार करताना ते लागतात.

खातं परत आल्यावर ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडा. अनोळखी कॉम्प्युटर दिसला तर लॉग आउट करा. मग सेटिंग्जमध्ये अकाउंट, तिथे टू-स्टेप व्हेरिफिकेशन. स्वतःचा ६ आकडी पिन ठेवा आणि ईमेलही द्या, म्हणजे पिन विसरलात तरी अडणार नाही. मी आपला ४५२ नं सुरू होणारा आपल्या भागाचा पिनकोडच ठेवला होता. भाच्यानं तो पहिल्या फटक्यात ओळखला आणि वर हसला.

इन्स्टाग्रामचं वेगळं. तिथे चोर आधी ईमेल बदलतो. त्याची सूचना तुमच्या जुन्या ईमेलवर येते आणि तिच्यातूनच तो बदल मागे घेता येतो. म्हणून सगळ्यात आधी ईमेलचा पासवर्ड बदला, नाहीतर चोर ती सूचनाही पुसून टाकेल. सूचना सापडलीच नाही, तर इन्स्टाग्राम डॉट कॉम स्लॅश हॅक्ड या पानावर जा.

वहिनी आता कोड सोडा, चिवड्याचा फोटो पाठवला तरी खाली लिहिते, ‘वन्सं, मीच आहे.’