अँटिबायोटिकनंतर मुंग्या राहिल्या? सप्लिमेंट असं निवडा

ताप उतरला, कोर्स संपला, पण तळपायाच्या मुंग्या जात नाहीत. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटात असं होऊ शकतं. नसांचे आणि टेंडनचे (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीचे) हे त्रास कायमचेही राहू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने 2016 मध्ये दिला. मेट्रोनिडाझोल फार दिवस चाललं तर तेही नसांना बाधतं.

आधी जुनी चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा. टाचेमागे अचानक कट्‌कन आवाज होऊन पाय टेकवेना झाला, तर त्याच दिवशी. बी-12, डी आणि साखर तपासायची ती गोळ्या सुरू करण्याआधी. नंतर बी-12चा आकडा फुगलेलाच येतो.

आता खरी मेख. नाशिकच्या गोळे कॉलनीतल्या औषधबाजारात ‘नसांची ताकद’ म्हणून जे मिळतं, त्याची पुढची बाजू बघूच नका. डबी उलटी करा आणि बारीक अक्षरांत ‘पायरिडॉक्सिन’ शोधा. हेच बी-6. शरीराला ते रोज दोन-तीन मिलिग्रॅम पुरतं. जास्त झालं आणि महिनोन्‌महिने चाललं, तर त्यानेच हातापायांना मुंग्या येतात! म्हणजे ज्यासाठी गोळी घेतली, तेच दुखणं गोळीतून. आणि ते एकाच डबीत नसतं. मुंग्यांची कॅप्सूल, बी-कॉम्प्लेक्स, मल्टिव्हिटॅमिन, शेजारच्या काकूंनी सुचवलेली पावडर, सगळ्यांत थोडं थोडं. कागद घ्या, सगळ्यांची बेरीज करा. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2023 मध्ये मोठ्यांसाठी दिवसाला 12 मिलिग्रॅमची कमाल मर्यादा ठरवली. बेरीज तिच्यावर गेली, तर तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा. ‘व्हिटॅमिन आहे, जास्तीचं लघवीतून जातं’ हे दुकानदाराचं पालुपद बी-6ला लागू नाही. लघवी पिवळीजर्द होते ती बी-2मुळे. तिच्यावरून काही ठरवू नका.

एका वेळी एकच नवी गोळी. चार एकदम सुरू केल्या तर गुण कशाचा आणि त्रास कशाचा, ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

सिप्रोफ्लॉक्सासिन (सिप्रो) किंवा लिव्होफ्लॉक्सासिनचा कोर्स अजून चालू असेल, तर लोह, कॅल्शियम, झिंक, मॅग्नेशियम लांब ठेवा. ही खनिजं औषधाला पोटातच धरून ठेवतात आणि ते अंगी लागत नाही. सिप्रो खनिजांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. मिसळीसोबतच्या ताकाने ती गिळायची नाही, साधं पाणी घ्या.

त्रासाची नोंद 1800-180-3024 या सरकारी हेल्पलाइनवर करता येते. फोन करताना गोळीची पट्टी हाताशी असू द्या; बॅच नंबर विचारला जाऊ शकतो.