एनपीटीईएलची परीक्षा देऊन क्रेडिट मिळवायचं, तर आधी कॉलेजला विचारा

केंद्र सरकारच्या स्वयम या ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवरचा एनपीटीईएलचा (आयआयटी आणि आयआयएससीच्या उपक्रमाचा) कोर्स, त्याची पर्यवेक्षित परीक्षा आणि त्या गुणांवर आपल्या विद्यापीठाचे क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक, हा मार्ग नियमात बसणारा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2021 च्या नियमावलीनुसार एका सत्रातल्या एकूण विषयांपैकी 40 टक्क्यांपर्यंतचे विषय स्वयमवरून घेता येतात. 2016 च्या नियमावलीत ही मर्यादा 20 टक्के होती. पण 40 टक्के ही वरची मर्यादा आहे, तुमचा हक्क नव्हे. कुठला कोर्स कुठल्या विषयाच्या जागी चालेल, हे विद्यापीठ ठरवतं. एनपीटीईएल देतं ते प्रमाणपत्र. त्याचं क्रेडिट होतं तुमच्या परीक्षा विभागात, आणि बहुतेकांची गाडी अडते ती तिथेच.

म्हणून नाव नोंदवायच्या आधी कॉलेजातल्या एनपीटीईएल समन्वयकांना, म्हणजे ज्यांना सगळे ‘एसपीओसी’ (सिंगल पॉइंट ऑफ कॉन्टॅक्ट) म्हणतात त्यांना गाठा. तीन गोष्टी विचारा: हा कोर्स या सत्राच्या मान्य यादीत आहे का, तो कुठल्या विषयाच्या जागी धरला जाईल, आणि क्रेडिट किती मिळतील. साधा हिशेब असा की 4 आठवड्यांच्या कोर्सला 1, 8 आठवड्यांच्या कोर्सला 2 आणि 12 आठवड्यांच्या कोर्सला 3 क्रेडिट. तुमचा विषय 4 क्रेडिटचा असेल, तर 12 आठवड्यांच्या कोर्सनंतरही एक क्रेडिट कमी पडतं. ते कसं भरून काढायचं हे आधीच ठरवून घ्या. उत्तर तोंडी घेऊ नका. विभागप्रमुखांच्या सहीचा अर्ज किंवा निदान ईमेल हाताशी असू द्या. सहा महिन्यांनी समन्वयक बदललेले असतात.

कोर्सला नाव नोंदवणं फुकट आहे. परीक्षेचा अर्ज वेगळा असतो, तो कोर्स सुरू झाल्यानंतर उघडतो, आणि त्याची फी प्रत्येक कोर्समागे 1000 रुपये आहे. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना प्रमाणपत्र जोडल्यावर निम्मी सवलत मिळते. ‘कोर्सला नाव घातलंय म्हणजे परीक्षेलाही बसलो’ असं समजून दरवर्षी कितीतरी मुलं राहून जातात. अर्ज भरताना ईमेल तोच वापरा, ज्यावरून कोर्सला नोंदणी केली. कॉलेजच्या ईमेलवर असाइनमेंट आणि घरच्या ईमेलवर परीक्षेचा अर्ज, असं झालं की दोन्हींचे गुण एकत्र येत नाहीत.

नावाचं दुखणं आपल्याकडे जास्त. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. आधारवर क्रम उलटा, आणि बऱ्याचदा स्पेलिंगही वेगळं. मिळालेली क्रेडिट जिथे जमा होतात, ते अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं डिजिलॉकरमधून उघडतं आणि ते आधारवरचं नाव उचलतं. आधार आणि गुणपत्रिका जुळत नसतील, तर सत्राच्या सुरुवातीलाच दुरुस्ती करून घ्या. परीक्षेच्या अर्जातलं नाव गुणपत्रिकेप्रमाणे टाका. प्रमाणपत्रावर तेच छापलं जातं.

आता गुण. एकूण 100 पैकी असाइनमेंटचे 25 आणि परीक्षेचे 75. असाइनमेंट दर आठवड्याला असते. 12 आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वोत्तम 8, 8 आठवड्यांच्यात 6 आणि 4 आठवड्यांच्यात 3 धरल्या जातात. उत्तीर्ण व्हायला असाइनमेंटमध्ये 25 पैकी 10 आणि परीक्षेत 75 पैकी 30, हे दोन्ही लागतात. खरी मेख इथे आहे. समजा, असाइनमेंटची सरासरी 72 टक्के, म्हणजे 18 गुण. परीक्षेत 100 पैकी 38 मिळाले, म्हणजे 75 पैकी साडेअठ्ठावीस. बेरीज साडेसेहेचाळीस, पण प्रमाणपत्र नाही, कारण परीक्षेत दीड गुण कमी पडला. टेलिग्रामवरून उत्तरं उतरवून असाइनमेंटचे 25 पैकी 24 करणाऱ्यांचं नेमकं हेच होतं. प्रोग्रॅमिंगच्या काही कोर्सना गुणांचं सूत्र वेगळं असतं, ते कोर्सच्या पानावरच वाचा.

मुदत संपेपर्यंत असाइनमेंट कितीही वेळा बदलून पाठवता येते, शेवटची धरतात. त्यामुळे वेळेआधीच एकदा पाठवून ठेवा, मग दुरुस्त करत बसा. शेवटच्या तासाला साइट मंद झाली, तर कोणी ऐकून घेत नाही. ‘चार सोडता येतात’ म्हणून सुरुवातीच्या चार सोडू नका. शेवटचे आठवडे अंतर्गत परीक्षा आणि सबमिशनमध्ये जातात, सूट तेव्हासाठी राखून ठेवा.

परीक्षा संगणकावर, केंद्रात जाऊन द्यायची, वेळ 3 तास. अर्जात शहरांचे पसंतीक्रम द्यावे लागतात. शहर निवडताना सकाळच्या सत्राला तिथे वेळेत पोचता येईल का, ते पाहा. विद्यापीठाच्या तोंडी परीक्षेशी तारीख टक्कर घेते का, हेही विभागात आधी विचारा. नंतर तारीख बदलून मिळेल यावर विसंबू नका. जाताना छापील हॉल तिकीट आणि मूळ ओळखपत्र न्या. कॅल्क्युलेटर पडद्यावर असतो, तो वापरायची सवय घरीच करा. तयारी असाइनमेंटच्या प्रश्नांवरून सुरू करा, पण उत्तर पाठ न करता तोच प्रश्न आकडे बदलून सोडवा. एकाहून जास्त बरोबर पर्याय असलेल्या प्रश्नांवर सर्वाधिक गुण जातात. तिथे प्रत्येक पर्याय स्वतंत्रपणे खरा की खोटा, असा तपासायचा.

निकाल परीक्षेनंतर काही आठवड्यांनी लागतो, आणि तोवर तुमच्या विद्यापीठाचा निकाल जाहीर झालेला असू शकतो. प्रमाणपत्र डाउनलोड करून, मंजुरीच्या अर्जाची प्रत जोडून परीक्षा विभागात दिल्याशिवाय गुण आपोआप चढत नाहीत. पोच घ्या, आणि पुढच्या गुणपत्रिकेत त्या विषयाचं क्रेडिट दिसेपर्यंत ती फाइल फेकू नका.