हाताला जुळणारे एअर पिस्तूल : मूठ, ट्रिगर आणि साइट बसवण्याची रीत

इंदूरच्या मराठी घरांतून १० मीटर एअर पिस्तुलाकडे वळणाऱ्या मुलामुलींची पहिली दोन वर्षे बहुधा क्लबच्या किंवा शाळेच्या पिस्तुलावर जातात. पुढे पालक मोठा खर्च करून स्वतःचे पिस्तूल घेतात आणि नवे पिस्तूल आले की गुण वाढतील, अशी सगळ्यांची अपेक्षा असते. स्टायर, वॉल्थर, मोरिनी, पार्डिनी किंवा फाइनवर्कबाऊ यांपैकी कोणतेही घेतले, तरी कारखान्यातून निघणारी मूठ लहान, मध्यम किंवा मोठी अशा ठरावीक मापांत येते, आणि कोणाचाही तळहात त्या मापांत तंतोतंत बसत नाही. त्यामुळे नवे भाग मागवण्याआधी हातात असलेले पिस्तूल हाताला जुळवून घ्यावे. हे काम मूठ, ट्रिगर, साइट (नेम धरण्यासाठी पिस्तुलावर असलेल्या खुणा) आणि तोल याच क्रमाने करावे, असे माझे ठाम मत आहे. मूठ बदलली की मनगटाचा कोन बदलतो, आणि मनगटाचा कोन बदलला की आधी केलेली ट्रिगरची व साइटची मांडणी पुन्हा करावी लागते.

कायद्याबद्दल एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट केलेली बरी. येथे सांगितलेले सारे काम फक्त ४.५ मिमी व्यासाच्या, हवेच्या दाबावर चालणाऱ्या स्पर्धेच्या पिस्तुलासाठी आहे. अशा पिस्तुलातून सुमारे अर्ध्या ग्रॅमचा छर्रा साधारण १५० मीटर प्रतिसेकंद वेगाने निघतो, म्हणजे त्याची ऊर्जा ५ ते ६ ज्यूल भरते; शस्त्र नियम २०१६ मधील परवान्यासाठीच्या २० ज्यूलच्या मर्यादेपेक्षा ती पुष्कळ कमी आहे. तरीही खरेदीचे बिल आणि कागदपत्रे जपून ठेवावीत. पॉइंट टू टू किंवा अन्य दारूगोळ्याच्या पिस्तुलाला मात्र घरी हातही लावू नये. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दुरुस्ती आणि रूपांतर ही कामे परवानाधारकाचीच आहेत, आणि नळी आखूड करण्याला कलम ६ चा स्वतंत्र प्रतिबंध आहे.

कामाला बसण्यापूर्वी पिस्तूल रिकामे आहे याची खात्री करावी, दाबाखालच्या हवेचा सिलिंडर काढून ठेवावा आणि नळीत पूर्ण लांबीची सुरक्षा दोरी घालावी. त्यानंतर मूठ सोडवून वेगळी करावी. लाकडाचा बारीक भुसा ट्रिगरच्या यंत्रणेत गेला, तर तो काढण्यासाठी जी उघडझाप करावी लागते ती घरी करण्यासारखी नसते. म्हणून लाकूड घासण्याचे काम मूठ पिस्तुलावर असताना कधीही करू नये.

मूठ कुठे टोचते आणि कुठे पोकळ राहते, हे नुसत्या जाणिवेवर सोडू नये. तळहाताला खडूची बारीक भुकटी चोळून मूठ नेहमीच्या जोराने धरावी, हात उचलून नेमाच्या स्थितीत थोडा वेळ स्थिर ठेवावा आणि मग हात अलगद सोडावा. गडद लाकडावर पांढरे ठसे स्पष्ट उमटतात. अंगठ्याच्या बुडाशी दाट ठसा आणि तळहाताच्या मधल्या खोलगट भागात कोरे लाकूड, असे चित्र फार वेळा दिसते. अशी मूठ हातात फिरते, आणि ते फिरणे थांबवण्यासाठी नेमबाज नकळत बोटे आवळतो. दाट ठसा जिथे असेल तिथले लाकूड अर्धगोल कानशीने अगदी थोडे उतरवावे आणि कोऱ्या भागावर लाकडाची पुटी किंवा दोन भाग मिसळून होणारी इपॉक्सी पुटी भरावी. सियागंजात किंवा राणीपुऱ्यात हार्डवेअरच्या दुकानांतून हे सामान सहज मिळते. पुटी ओली असतानाच तिच्यावर पातळ प्लास्टिक ठेवून मूठ धरली, तर तळहाताचा साचा आपोआप उतरतो. ती पूर्ण सुकल्यावर पॉलिश पेपरने कडा मोडाव्यात आणि खडूची परीक्षा पुन्हा घ्यावी. एका बैठकीत अर्ध्या मिलिमीटरहून अधिक लाकूड काढू नये. काढलेले लाकूड परत येत नाही आणि तिथे भरलेली पुटी कधीतरी सुटते.

हे करताना स्पर्धेचे नियम डोळ्यांसमोर असावेत. मुठीने हाताला वेढा घालता कामा नये, तिने मनगटाला आधार देऊ नये, अंगठ्याला वर उचलण्याची मोकळीक असावी आणि तळहाताखालच्या फळीचा मुठीशी होणारा कोन ९० अंशांपेक्षा कमी नसावा. चिकट पदार्थ लावण्यास मनाई आहे. फळी तळहाताला नुसती टेकावी, दाबू नये. दाबत असेल तर हात वर ढकलला जातो आणि मनगट सैल पडते. माळव्यातील हवा एप्रिल-मे महिन्यांत कोरडी ठणठणीत असते आणि जुलैत दमट होते. घासून उघडे पडलेले अक्रोडाचे लाकूड या फरकाने फुगते आणि आकसते. म्हणून शेवटी जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा, तो चांगला मुरू द्यावा आणि वर राहिलेले तेल पुसून टाकावे. वॉर्निश लावू नये, घामाने हात घसरतो.

मूठ जमली की नाही, याची खरी कसोटी डोळे मिटून घ्यायची असते. नेहमीसारखे उभे राहावे, डोळे मिटून पिस्तूल उचलावे, श्वास सोडून हात स्थिरावू द्यावा आणि मग डोळे उघडावेत. फोरसाइट (नळीच्या टोकाकडची खूण) बॅकसाइटच्या (मागच्या खुणेच्या) खाचेत मधोमध आणि माथ्याला माथा लावून उभी असेल, तर मूठ जमली. ती दर वेळी एकाच बाजूला दिसत असेल, तर मुठीचा आडवा कोन बदलायला हवा; खाली बुडत असेल, तर मुठीचा उभा कल. पुष्कळ नव्या पिस्तुलांत मुठीच्या जोडावरच यासाठी स्क्रू असतात, तेव्हा लाकडाकडे वळण्यापूर्वी ते स्क्रू वापरून पाहावेत. मनगट वळवून फोरसाइट मध्ये आणण्याची सवय मात्र लागू देऊ नये, कारण साठाव्या गोळीपर्यंत थकलेले मनगट तेवढे वळत नाही.

या कसोटीवर एवढा भर देण्याचे कारण साध्या गणितात आहे. दोन साइटमधील अंतर ३२० मिमी धरले, तर फोरसाइट खाचेत १ मिमी सरकल्याने १० मीटरवर छर्रा सुमारे ३१ मिमी भरकटतो. लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे ११.५ मिमी व्यासाचे असते. उलट दोन्ही साइट एकमेकींशी बरोबर असताना सगळा हात मिळून काही मिलिमीटर हलला, तर छर्राही तेवढाच हलतो. मुलांना हात हलण्याची भीती वाटते, पण गुण जातात ते मनगटाच्या वळण्याने.

ट्रिगरचा भार ५०० ग्रॅमपेक्षा कमी चालत नाही. तपासणीच्या वेळी नळी उभी धरून ट्रिगरला ५०० ग्रॅमचे वजन टांगतात आणि ते उचलले गेले पाहिजे. नेमका ५०० ला ट्रिगर लावणे शहाणपणाचे नाही, कारण धूळ आणि तापमान यांनी भार थोडा सरकतो. ५१० ते ५२० ग्रॅमवर तो निर्धास्त राहतो. ट्रिगर दोन टप्प्यांत ओढला जातो; एकूण भारातील मोठा वाटा पहिल्या टप्प्यावर ठेवावा, म्हणजे दुसऱ्या टप्प्याची भिंत बोटाला स्पष्ट कळते आणि ती ओलांडायला थोडासाच दाब पुरतो. ट्रिगरची पट्टी पुढेमागे सरकवून अशी आणावी की बोटाच्या पहिल्या पेराचा मधला भागच तिला टेकेल आणि उरलेले बोट मुठीला कोठेही शिवणार नाही. बोट लाकडाला घासत असेल, तर ओढ सरळ मागे न जाता बाजूला जाते. गोळी सुटल्यानंतर ट्रिगर मागे जातो त्याला अडवणारा स्क्रू अगदी घट्ट करू नये, किंचित फट राहू द्यावी. प्रत्येक स्क्रू किती फिरवला, हे वहीत लिहावे आणि एका दिवशी एकच स्क्रू फिरवावा. ही पारख छर्रे उडवून करण्याची गरज नाही. पिस्तूल ड्राय फायरवर (छर्रा न सोडता नुसता ट्रिगर ओढण्याच्या सोयीवर) ठेवून कोऱ्या भिंतीसमोर करावी.

साइटच्या बाबतीत ऑप्टिकल किंवा लेझर साधनांना परवानगीच नाही, त्यामुळे निवड फोरसाइटची रुंदी आणि खाचेची रुंदी यांपुरती उरते. फोरसाइटच्या दोन्ही बाजूंना दिसणारी पांढरी फट फोरसाइटच्या रुंदीच्या साधारण निम्मी असावी, असे मी सुचवेन. फट अरुंद झाली की डोळा ताणला जातो आणि नेम लांबतो, फार रुंद झाली की बाजूची चूक दिसेनाशी होते. नेम काळ्या गोलाच्या मध्यावर धरू नये. तो गोल ५९.५ मिमीचा आहे आणि काळ्यावर काळी फोरसाइट विरून जाते. गोलाच्या खालच्या पांढऱ्या भागात नेम धरून, छर्रे मध्यावर पडतील अशा बेताने बॅकसाइटचे क्लिक लावावेत.

तोलाची वजने शेवटी. पिस्तूल १५०० ग्रॅमपेक्षा जड नसावे आणि ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावावे, ही नियमाची हद्द आहे. वाढत्या वयाच्या मुलांनी तिच्या जवळपासही जाऊ नये. पुढे वजन लावले की नळी संथ होते, पण खांदा लवकर थकतो. तीस गोळ्यांनंतर फोरसाइट खाली झुकू लागली, तर वजन काढावे. महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्ये (लष्कराच्या नेमबाजी केंद्रात) वर्षानुवर्षे सराव केलेल्या प्रौढ सैनिकाचा खांदा आणि नववीतल्या मुलाचा खांदा यांना एकच वजन लावू नये.

छर्रे चपट्या तोंडाचे घ्यावेत आणि ४.४८, ४.४९ व ४.५० मिमी ही मापे आपल्याच नळीवर पारखावीत. हवेची झडप आणि सिलिंडर घरी उघडू नयेत, त्यांत २०० बारपर्यंत दाब असतो. सिलिंडरवर निर्मितीची तारीख कोरलेली असते. तिला १० वर्षे झाली की तो स्पर्धेच्या तपासणीत चालत नाही. म्हणून जुने पिस्तूल विकत घेताना सर्वांत आधी ती तारीख वाचावी आणि नव्या सिलिंडरची किंमत सौद्यात धरावी.