हायस्पीड बोर्ड करताय? इम्पिडन्सच्या या चुका टाळा

दोन चिपांमधली लाइन ५० ओहमची केली (इम्पिडन्स म्हणजे वेगाने बदलणाऱ्या सिग्नलला लाइनीचा होणारा विरोध) की झालं, असं समजून बोर्ड फॅबला, म्हणजे बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याला, पाठवणारे इतके भेटतात की आता एकदाचं लिहूनच टाकतो. उदाहरण आरजीएमआयआयचं घेतो, म्हणजे प्रोसेसर आणि गिगाबिट इथरनेटची फाय चिप (केबलकडचे सिग्नल सांभाळणारी) यांच्यामधल्या लाइनी, कारण माझ्याकडे रडत येणाऱ्या बोर्डांत हेच जास्त असतं.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे ट्रेसची (बोर्डावरच्या तांब्याच्या लाइनीची) रुंदी नेटवरून उचलणं. "सर ५० ओहमला किती एमएम ठेवू?" अरे बाबा, खालचा ग्राउंडचा थर किती अंतरावर आहे ते सांगशील की नाही! साध्या दोन लेयरच्या १.६ मिमी बोर्डवर ५० ओहमला जवळपास ३ मिमी रुंद ट्रेस लागतो, तो चिपच्या पिनांमधून कुठून काढणार, आणि चार लेयरमध्ये वरच्या लेयरखाली ०.२ मिमीचं प्रीप्रेग (दोन तांब्याच्या थरांमधला इन्सुलेटरचा थर) असेल तर तेच काम ०.३५ मिमीत भागतं. आता हीच ०.३५ ची लाइन फॅबने ०.१ मिमी प्रीप्रेगवर बनवली तर ती उतरते ३५ ओहमच्या आसपास. त्यात फॅबचा दोष काय, तुम्ही स्टॅकअप, म्हणजे थरांची रचना आणि जाडी, सांगितलाच नाही, त्याने हाताशी होतं ते वापरलं. मी राउटिंगला हात लावायच्या आधी फॅबला मेल टाकून त्यांचा स्टॅकअप मागवतो, रुंदी त्याच आकड्यांवर काढतो आणि ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहितो की ५० ओहम, अधिक-उणे १० टक्के, टेस्ट कूपनचा (बोर्डासोबत बनवलेल्या मोजणीच्या नमुना पट्टीचा) रिपोर्ट सोबत पाहिजे. यात थोडे दिवस जातात. ज्यांना तेवढाही धीर नाही त्यांनी खुशाल दोनदा बोर्ड बनवावा, फॅबवाल्यांचाही धंदा चालला पाहिजे.

दुसरी माझी आवडती चूक, सिरीज रेझिस्टर (लाइनीत ओळीने लावलेला) चुकीच्या टोकाला. एका क्लायंटचा बोर्ड आला होता, १०० एमबीपीएसवर मख्खन, गिगाबिट केलं की सीआरसी एररचा, म्हणजे डेटा बिघडून पोचल्याच्या खुणांचा, पाऊस. त्यांनी केबल बदलली, फाय चिप बदलली, सॉफ्टवेअर ड्रायव्हरवाल्या पोराला आठवडाभर पिडलं. बोर्ड हातात घेतला तर सगळे ३३ ओहमचे रेझिस्टर फाय चिपच्या शेजारी एका रांगेत, दिसायला एकदम देखणे! आरएक्सच्या (फायकडून प्रोसेसरकडे येणाऱ्या) लाइनी फाय चालवते म्हणून त्यांचे बरोबर होते, पण टीएक्स (उलट दिशेच्या) चालवतो प्रोसेसर, आणि तो होता चांगला १० सेंमी लांब. ड्रायव्हरचा, म्हणजे लाइन चालवणाऱ्या चिपच्या पिनेचा, आतला १७-२० ओहम आणि हे ३३ मिळून ५० होतात, म्हणजे पलीकडून परत आलेली लाट इथे विरते. रेझिस्टरच शेवटच्या टोकाला लावला तर ती ड्रायव्हरवर आपटून पुन्हा निघते. गिगाबिटला दर ४ नॅनोसेकंदाला नवा बिट येतो, तोवर आधीचा शांतच झालेला नव्हता. नवीन बोर्ड काढायला वेळ नव्हता, म्हणून टीएक्सच्या रेझिस्टरांजागी शून्य ओहम टाकले आणि सॉफ्टवेअरमधून प्रोसेसरची ड्राइव्ह स्ट्रेंग्थ (लाइन चालवण्याचा जोर) खाली आणली, बोर्ड धावला. पण हा जुगाड आहे, पुढच्या रिव्हिजनला रेझिस्टर ड्रायव्हरच्या पिनेला चिकटूनच.

बाकीचं पटापट. ट्रेसखालचा ग्राउंड कापू नका, ३.३ आणि १.८ व्होल्टच्या पॉवर प्लेनमधल्या फटीवरूनही लाइन नेऊ नका, कारण परतीचा करंट लांबून वळसा घालतो आणि तुमचे ५० ओहम तिथेच संपतात. लेयर बदलला तर सिग्नलच्या व्हायाशेजारी (थर जोडणाऱ्या छिद्राशेजारी) ग्राउंडचा व्हाया टाका. यूएसबीची जोडी ९० ओहम, इथरनेटची केबलकडची जोडी १०० ओहम, एकाचं दुसऱ्याला कॉपी-पेस्ट करू नका.

आणि लांबी जुळवायला काढलेली ती नागमोडी लाइन! १ मिमी म्हणजे ६-७ पिकोसेकंद, मग आरजीएमआयआयला ०.१ मिमीपर्यंत लांबी जुळवून काय मिळतं मला अजून कळलेलं नाही. उलट वळणं एकमेकांना खेटून घेतली की वेगळीच डोकेदुखी.

लिंकची लाइट लागते पण पिंग जात नाही, अशी तक्रार असेल तर ट्रेसला शिव्या देण्याआधी २ नॅनोसेकंदांचा क्लॉक डिले, म्हणजे डेटापेक्षा क्लॉक मुद्दाम उशिरा देणं, बघा. तो एकानेच टाकायचा, पण तो प्रोसेसर आणि फाय दोघांनीही टाकलेला असतो, नाहीतर कोणीच नाही.

स्कोप लावताना प्रोबची ती लांब मगरीची क्लिप काढून ठेवा. तिच्यामुळे दिसणारं रिंगिंग (सिग्नलचं थरथरणं) बोर्डाचं नसतं, क्लिपचं असतं. छोटी स्प्रिंग लावा, रिसीव्हरच्या पिनेजवळ मोजा, मग बोलू.