आपल्या कॅरेक्टरला स्वतःची स्टाइल कशी आणायची

वही, पेन्सिल आणि एखादं काळं पेन आहे आणि माणूस बऱ्यापैकी काढता येतो असं धरून चालतोय. येत नसेल तर महिनाभर रोज संध्याकाळी इथं कोल्हापुरात रंकाळा तलावावर बसा, फिरणारी माणसं काढा आणि मग हे वाचा. टॅब्लेट लागत नाही, निदान आत्ता तरी नाही.

आधी कॅरेक्टर दोन ओळींत लिहून काढा. माझा बाळू पैलवान आहे, गंगावेशीतल्या तालमीत असतो, कुस्तीत कुणाला घाबरत नाही पण कुत्र्याला घाबरतो. दुसरी शेवंताक्का, दूध कट्ट्यावर म्हैस घेऊन उभी असते आणि गिऱ्हाइकाला बोलून गार करते. एवढं बास, जन्मापासूनचा इतिहास लिहीत बसू नका.

मग प्रत्येकाला एक मूळ आकार द्या. बाळू म्हणजे उलटी ठेवलेली घागर, शेवंताक्का म्हणजे उभा त्रिकोण. आतला सगळा भाग काळा भरून बघा, नुसत्या सावलीवरनं दोघं ओळखू आले पाहिजेत. उंची डोक्याच्या मापात ठरवा, खरा मोठा माणूस साधारण साडेसात डोकी असतो, बाळू चार डोकी आहे. इथपर्यंतचं काम एका दुपारचं.

आता खरी अडचण, जिथं मी दोन वर्षं अडकलो होतो. बाळू दरवेळी वेगळाच माणूस व्हायचा. पहिल्या पानावर नाक फेंदारलेलं, तिसऱ्या पानावर टोकदार, बाजूनं काढला की कुणीतरी तिसराच. कारण साधं होतं, मी डोळे एका चित्रकाराचे उचलले होते, हात दुसऱ्याचे, कपड्याच्या चुण्या तिसऱ्याच्या. समोरनं कसंतरी जमायचं पण मान वळवली की तो डोळा बाजूनं कसा दिसतो हेच मला माहीत नव्हतं, कारण तो डोळा मी विचार करून काढलेलाच नव्हता.

त्यात सगळे सांगायचे, रोज काढत राहा, स्टाइल आपोआप येते. नाही येत. मी रोज एक नवीन चेहरा काढून चार स्केचबुकं भरली आणि हातात काही आलं नाही, कारण रोज नवीन कॅरेक्टर म्हणजे रोज पहिल्यापासून सुरुवात. हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

जमलं ते असं. तीस दिवस, एकच कॅरेक्टर, फक्त आठवणीतनं. कालचं पान उघडायचं नाही, मी तर मागची पानं क्लिप लावून बंद करायचो. दहा मिनिटांचा टायमर, थेट पेन, खोडरबर नाही. पोज मात्र रोज वेगळी, बसलेला, जेवताना, पाठमोरा, पावसात भिजलेला. रविवारी सातही पानं जमिनीवर पसरायची आणि जे न ठरवता सातही वेळा आलंय त्याला लाल पेनानं गोल करायचा. माझ्याकडं मोडलेले कान, हनुवटी नसलेली जाड मान आणि लंगोटाची गाठ एवढंच सातही पानांवर होतं. नाक सात प्रकारचं होतं, म्हणून नाक एका वाकड्या रेघेवर आणलं. बोटं कधीच सारखी यायची नाहीत, म्हणून आता सगळे हात मुठीसारखे आणि वर तीन रेघा. लाल गोलातलं सगळं ठेवायचं, बाकीचं सोपं करायचं किंवा काढून टाकायचं. स्टाइल म्हणतात ती हीच, तुम्ही काय ठेवता आणि काय सोडता.

दुसऱ्या आठवड्यात कंटाळा येणार आणि कुणाचंतरी छान चित्र उघडून बघावंसं वाटणार. बघू नका, कृपा करून. दुसऱ्याच्या चित्रात काय सोडायचं हे त्यानं आधीच ठरवलेलं असतं, तिथनं उचललंत की त्याचा निर्णय तुमच्या कागदावर येतो. खरी वस्तू मात्र खुशाल बघा. कानासाठी मी खासबाग मैदानात कुस्त्या बघायला जाऊन बसलो, पैलवानाचा कान नेमका कुठं फुगतो, कुठं दबतो ते डोळे भरून बघितलं, घरी आलो आणि वही बंद ठेवून दुसऱ्या दिवशी काढला.

एकच गोष्ट पुन्हा पुन्हा काढणं कमीपणाचं वाटत असेल तर टाउन हॉल म्युझियममध्ये जाऊन आबालाल रहिमान यांची चित्रं बघा. १९३१ साली गेलेला हा माणूस रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगा हेच परत परत रंगवत राहिला. ती निसर्गचित्रं आहेत, कॅरेक्टर नाहीत, पण सवय तीच.

तीस दिवसांनी दुसरं कॅरेक्टर घ्या. रेघेचे, डोळ्याचे, हाताचे नियम तेच ठेवा, आकार आणि उंची बदला. सगळंच सारखं ठेवलंत तर शेवंताक्का बाळूची बहीण दिसायला लागते, माझी दिसत होती.

मॉडेल शीट करा, म्हणजे एकच कॅरेक्टर समोरनं, पाऊण वळलेलं, बाजूनं, पाठीमागनं, एका मोठ्या कागदावर. रंग चारच घ्या, माझे आखाड्यातल्या मातीचा तांबडा, गुळाचा पिवळा, म्हशीचा काळपट राखाडी आणि शेवाळी हिरवा.

शेवटी एखाद्या लहान पोराला चित्र मिनिटभर दाखवा, झाका आणि त्याला आठवेल तसं काढायला लावा. शेजारच्या पोरानं बाळूचे कान काढले, गाठ काढली, घागरीसारखं पोट काढलं. दंडातला काळा दोरा त्यानं काढलाच नाही, तो मला फार आवडायचा, पण त्याच रात्री मी शीटवरनं खोडून टाकला.