स्कॅनर दवाखान्यात येण्यापूर्वी : सहायकांच्या प्रशिक्षणाची तयारी

तोंडातले चित्र घेणारा स्कॅनर आणि कॅप कोरणारे यंत्र मिळून एकाच बैठकीत दाताची कॅप तयार करणारी यंत्रणा दवाखान्यात घ्यायची ठरली की कंपनीचा प्रशिक्षक येतो, दिवसभर सॉफ्टवेअर दाखवतो आणि निघून जातो. सहायकांची खरी तयारी त्याच्या येण्याआधी करून ठेवावी लागते, आणि तिचा मोठा भाग तोंड कोरडे ठेवणे व पडद्यावरचे चित्र पारखणे हाच असतो.

सर्वप्रथम कामांची वाटणी लेखी ठरवावी. भूल चढेपर्यंतचा वेळ रिकामा जाऊ न देता ज्या जबड्यावर हा दात मिटतो त्याचा स्कॅन सहायकाने घ्यावा, ब्लॉक (ज्यातून कॅप कोरली जाते तो ठोकळा) व यंत्र तयार ठेवावे. तासलेल्या दाताची कड, म्हणजे कॅप जिथे संपते ती रेषा, आखणे, डिझाइनला मान्यता देणे आणि कॅप चिकटवणे ही कामे डॉक्टरांकडेच राहावीत. दाताची छटाही याच वेळी, दात तासण्यापूर्वी पाहून नोंदवून घ्यावी, कारण काही वेळ कोरडा राहिलेला दात मूळ रंगापेक्षा पांढरा दिसतो आणि त्यावरून निवडलेला ब्लॉक चुकतो.

कोरडेपणाचा सराव यादीत सर्वांत वर असावा. जुन्या पद्धतीत पुट्टीने, म्हणजे मापाच्या मऊ लगद्याने, दाताचे माप घेताना तो लगदा हिरडी थोडी बाजूला सारून आत शिरतो. प्रकाश हिरडी सारत नाही, त्यामुळे लाळेच्या किंवा रक्ताच्या थेंबाखालची कड स्कॅनरला दिसतच नाही. झुरिक विद्यापीठात विकसित झालेल्या सेरेक या अशाच यंत्रणेने 1985 साली पहिल्या रुग्णावर उपचार झाले, तेव्हा कॅमेऱ्यासाठी दातावर पांढरी पावडर फवारावी लागे. आज बहुतेक स्कॅनरना ती लागत नाही, पण कोरडेपणाची अट तशीच आहे. म्हणून हिरडी बाजूला सारणारा दोरा बसवताना साहित्य हाताशी देणे, सक्शनची नळी जिभेकडून धरणे, कापसाचे रोल वेळेवर बदलणे आणि दोरा काढल्यावर लगेच स्कॅनरचे टोक हाती देणे ही साखळी आधी प्लास्टिकच्या जबड्यावर आणि मग सहायकांनी एकमेकांच्या तोंडात गिरवावी. प्लास्टिकच्या जबड्याला जीभही नसते आणि लाळही नसते, त्यामुळे तेवढ्यावर थांबू नये.

स्कॅन घेताना चघळण्याचा पृष्ठभाग, जिभेची बाजू आणि गालाची बाजू हा क्रम कंपनीने सांगितला असेल तसाच पाळावा. समोरच्या दातांच्या पातळ कडांवरून वळताना चित्र तुटते, तिथे टोक हळूहळू झुलवत न्यावे. पडद्यावर भोके दिसली तर ती भरता येतात. कडेजवळची रेषा वितळल्यासारखी धूसर दिसली तर दात पुन्हा कोरडा करून तेवढाच भाग घ्यावा लागतो, आणि हा फरक ओळखता येणे ही माझ्या मते प्रशिक्षणाची खरी परीक्षा आहे. चाव्याच्या स्कॅनपूर्वी रुग्णाकडून दोनतीनदा दाढा मिटवून पाहाव्यात, कारण भूल दिलेला रुग्ण अनेकदा वाकडे चावतो.

मिलिंगच्या, म्हणजे ब्लॉकमधून कॅप कोरण्याच्या, दिवसापूर्वी यंत्राच्या टाकीतले पाणी, बर (कोरणारी टोके) आणि फिल्टर तपासण्याची जबाबदारी एकाच व्यक्तीकडे द्यावी. यंत्राला यूपीएस हवाच, वीज मध्येच गेली की ब्लॉक वाया जाण्याची भीती असते. लिथियम डायसिलिकेट या सिरॅमिकची कॅप यंत्रातून जांभळट निळी निघते आणि सुमारे 850 अंश सेल्सिअसच्या भट्टीतून भाजून आल्यावरच दातासारखी होते, हे नव्या सहायकाला आधी सांगावे, नाहीतर रुग्णासमोर सहायकाचा चेहरा पडतो. चिकटवण्यापूर्वी कॅपच्या आतून 5 टक्के हायड्रोफ्लोरिक आम्ल 20 सेकंद लावले जाते. ते फक्त तोंडाबाहेर, हातमोजे व चष्मा घालून हाताळावे, आणि हे आम्ल अंगावर पडल्यास लावायचे कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल त्याच ट्रॉलीवर ठेवावे. झिरकोनिया या दुसऱ्या सिरॅमिकवर हे आम्ल वापरायचे नसते, म्हणून कॅप कशाची आहे हे कळावे यासाठी ब्लॉकच्या वेष्टनाचा तुकडा केसपेपरला जोडण्याची सवय लावावी.

पहिली खरी केस वरच्या जबड्यातल्या, हिरडीच्या वर कड असलेल्या छोट्या दाढेची निवडावी, शेवटच्या दाढेची नको. त्या रुग्णासाठी नेहमीच्या दुप्पट वेळ राखून ठेवावा आणि स्कॅन जमला नाही तर जुन्या पद्धतीने माप घेता यावे म्हणून पुट्टी व ट्रे शेजारी मांडून ठेवावेत.